विधानसभेच्या उमेदवारांना स्थानिक प्रश्न विचारलेत का? उत्तर काय मिळालं ते इथे लिहा

अनघा_म | ६ नोव्हेंबर २०२४, रात्री ९:४०

माघारीची मुदत ४ तारखेला संपली. २० तारखेच्या मतदानाला रिंगणात कोण कोण आहे ते आता पक्कं झालं. आमच्याकडे रोज संध्याकाळी कुणाची ना कुणाची पदयात्रा सोसायटीच्या फाटकाशी येते. परवा आमच्या बिल्डिंगमधल्या बायकांनी एका उमेदवाराला थांबवून पाण्याचं विचारलं. ते म्हणाले, "ताई, पाणी हा महापालिकेचा विषय आहे, पण मी जातीनं लक्ष घालतो." पुढे हात जोडले आणि पदयात्रा पुढच्या फाटकाकडे गेली.

मला हे उत्तर पटलं नाही. आम्ही पुण्यात समाविष्ट झालेल्या गावांपैकी एका गावात राहतो. २०१७ मध्ये ११ गावं आली, ३० जून २०२१ ला आणखी २३ आली. त्या २३ गावांत पाणी, रस्ते, कचरा महापालिकेकडे, आणि बांधकाम परवानगी मात्र पीएमआरडीएकडे, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे. म्हणजे इमारतीला होकार एकानं द्यायचा आणि तिला पाणी दुसऱ्यानं पुरवायचं. ही वाटणी महापालिकेनं केलेली नाही, राज्य सरकारनं केली. त्यात महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, तेव्हापासून प्रशासक. नगरसेवकच नाही तर "महापालिकेला विचारा" म्हणजे कुणाला विचारायचं?

म्हणून हा धागा. तुमच्या मतदारसंघातल्या उमेदवारांना तुम्ही काय विचारलंत आणि त्यांनी नेमकं काय सांगितलं ते लिहा, शक्यतो त्यांच्याच शब्दांत. पक्षाचं किंवा उमेदवाराचं नाव नको, नाहीतर चार प्रतिसादांत धागा भलतीकडे जाईल.

---

टेकडीवाला | ६ नोव्हेंबर, रात्री १०:१५

धागा चांगला आहे, पण माझं मत थोडं वेगळं. आमदाराला नळाचं आणि ड्रेनेजचं विचारायची सवय आपणच लावली. त्यामुळे तेही पेव्हिंग ब्लॉक, बाकडी आणि कमानी करत बसतात. विधानसभा कायदे करायला आहे. भूजल, झोपडपट्टी पुनर्वसन, विद्यापीठांची स्वायत्तता यावर उमेदवाराला एक वाक्य तरी बोलता येतं का ते बघा. गल्लीतले प्रश्न तिथे नेले की कायद्याकडे कुणी बघतच नाही.

---

अनघा_म | ६ नोव्हेंबर, रात्री १०:३१

टेकडीवाला, ब्लॉक आणि बाकडी नकोत हे मान्य. पण पिण्याचं पाणी गल्लीतलं कसं? खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर ही चारही धरणं राज्याच्या जलसंपदा विभागाची. शहराला किती कोटा, शेतीला किती, हे मुंबईत ठरतं.

---

जुना_कक्षअधिकारी | ७ नोव्हेंबर, सकाळी ६:५०

नोकरीची बरीच वर्षं मंत्रालयात गेली, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

७४ व्या घटनादुरुस्तीनं बाराव्या अनुसूचीत १८ विषय घातले. पाणीपुरवठा, नगरनियोजन, रस्ते, घनकचरा सगळं त्यात आहे. ते वाचून वाटतं की हे सगळं महापालिकेचं झालं. पण घटनेत शब्द आहेत ते "राज्य विधिमंडळ कायद्याने देऊ शकेल" अशा अर्थाचे. किती द्यायचं हे राज्य ठरवतं. म्हणजे महापालिकेकडे काय असावं हाच मुळात आमदारांना विचारायचा प्रश्न आहे.

प्रभागाचंच घ्या. २०१७ ला चार सदस्यांचा प्रभाग होता. २०२१ मध्ये तीनचा ठरला. सरकार बदलल्यावर ऑगस्ट २०२२ मध्ये ते पुन्हा मागे फिरलं. प्रत्येक वेळी दुरुस्ती झाली ती राज्याच्या कायद्यात, आणि त्यावर मत दिलं आमदारांनी. या रचनेचा आणि ओबीसी आरक्षणाचा वाद सर्वोच्च न्यायालयात आहे. निवडणुका अडल्या त्या तिथे. तेव्हा प्रत्येक उमेदवाराला सरळ विचारा: एक सदस्याचा प्रभाग हवा की चारचा? का? उद्या विधेयक आलं तर मत काय देणार? याला "मी लक्ष घालतो" हे उत्तर होऊच शकत नाही.

दुसरा प्रश्न पैशाचा. जकात गेली, एलबीटी (स्थानिक संस्था कर) गेला, २०१७ ला जीएसटी आला. महापालिकांचं बुडालेलं उत्पन्न भरून देण्यासाठी राज्यानं त्याच वर्षी कायदा केला, त्यात दरवर्षी ८ टक्के वाढ धरली आहे. मोठ्या महापालिकांच्या अंदाजपत्रकातला ठळक हिस्सा आता दरमहा मंत्रालयातून येतो. महापौर कुणीही झाला तरी तिजोरीची एक किल्ली मुंबईतच राहते.

आमदार निधीबद्दल लोकांच्या फार अपेक्षा असतात. तो वर्षाला ५ कोटी आहे. कामं आमदार सुचवतो, मंजुरी जिल्हा प्रशासन देतं. तीन-साडेतीन लाख मतदारांच्या मतदारसंघात भागून बघा. एवढ्यात पाण्याची योजना होत नाही. "आमदार निधीतून पाणी देतो" असं कुणी म्हणालं तर कोणती टाकी, किती व्यासाची लाइन, आणि उरलेले पैसे कुठून, हे लगेच विचारा.

आणि जे आत्ता आमदार आहेत त्यांना विचारायचं वेगळं. तारांकित प्रश्न (मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायचे) किती आणि कोणत्या विषयावर? लक्षवेधी सूचना कोणती लावली? मंत्र्यांनी सभागृहात आश्वासन दिलं असेल तर त्याचं पुढे काय झालं? आश्वासन समिती नावाची समिती त्यासाठीच असते. चांगला आमदार त्या समितीच्या मागे लागून कामं करून घेतो, हे मी टेबलाच्या अलीकडून पाहिलेलं आहे. तारांकित प्रश्न आला की फाइल शोधायला आख्खा कक्ष उठायचा. खालच्या कार्यालयाला फोन जायचे, कारण उत्तरावर मंत्र्यांची सही होणार असायची. नागरिकाचा अर्ज वर्षभर जिथे पडून असे, तिथली माहिती चार दिवसांत टेबलावर यायची.

---

सायली_न | ७ नोव्हेंबर, सकाळी ८:०५

काका, हा प्रतिसाद सेव्ह करून ठेवला. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकू का?

---

जुना_कक्षअधिकारी | ७ नोव्हेंबर, सकाळी ८:२०

जरूर टाका.

---

बावधनची_मी | ७ नोव्हेंबर, सकाळी ११:४८

आमची आणखी एक अडचण. बावधन बुद्रुक, सूस, म्हाळुंगे ही गावं महापालिकेत आली, पण विधानसभेला आम्ही भोरमध्ये. म्हणजे भोर, राजगड आणि मुळशीच्या डोंगरातल्या वाड्या आणि आमचे चौदा मजली टॉवर एकाच मतदारसंघात. वाघोलीचंही तसंच, ती शिरूरमध्ये.

उमेदवाराची सभा ऐकायला गेले होते. धरणग्रस्तांचे दाखले, भाताची नुकसानभरपाई, एसटीच्या फेऱ्या, घाटातला रस्ता यावर ते मनापासून आणि माहितीनं बोलले. मला ते आवडलं. मी नंतर जाऊन विचारलं, आमच्याकडे सांडपाणी उघड्या ओढ्यात जातं, त्याचं काय? त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं, "शहराकडच्या भागाचा माझा अभ्यास कमी आहे, तुम्ही निवेदन द्या." निवेदन दुसऱ्या दिवशी दिलं. त्यांना दोष नाही देत. पण आमच्यासारख्यांचा आवाज विधानसभेत कोण पोचवणार ही धास्ती राहतेच. वेल्ह्याच्या पलीकडच्या माणसाला दवाखाना गाठायला जेवढा वेळ लागतो ते ऐकल्यावर माझा ओढा मागे ठेवावासा वाटतो, पण ओढ्याकाठी डेंग्यूनं मुलं आजारी पडली तेव्हा तसं वाटलं नव्हतं.

---

मुठाकाठचा | ७ नोव्हेंबर, दुपारी ३:३०

सिंहगड रोडला एकतानगरीच्या बाजूला राहतो. २५ जुलैच्या पहाटे काय झालं ते सगळ्यांनी बातम्यांत पाहिलं. खडकवासल्यातून विसर्ग ३५ हजार क्युसेकच्या पुढे गेला. आकडा आमच्यापर्यंत पोचला तेव्हा पार्किंगमधल्या गाड्यांच्या सीटवर पाणी आलं होतं. लिफ्टच्या खड्ड्यातला गाळ काढायला बाहेरून माणसं आणावी लागली. तळमजल्याच्या भिंतीवर छातीएवढ्या उंचीला तपकिरी पट्टा उठलाय. रंग दिला तरी दमट हवेत तो पुन्हा दिसायला लागतो.

आम्ही काही जणांनी ठरवून तीन प्रमुख उमेदवारांना एकच प्रश्न विचारला: विसर्ग वाढवायच्या आधी आम्हाला किती तास आधी कळणार आणि ते कोण कळवणार? धरण राज्याचं, पूररेषा आखते जलसंपदा, बांधकाम नियमावली नगरविकास खात्याची. सगळं राज्याचंच.

पहिले म्हणाले, नदीकाठी भिंत बांधून देतो. दुसरे म्हणाले, पूररेषेतल्या सोसायट्यांना पुनर्विकासासाठी जादा एफएसआय (प्लॉटवर किती बांधकाम करता येतं त्याचं प्रमाण) मिळवून देतो, सगळे वरच्या मजल्यावर जाल. तिसरे म्हणाले, अधिकाऱ्यांवर कारवाई करायला लावतो. विचारलं ते किती तासांचं, त्यावर तिघांपैकी कुणीच बोललं नाही. आम्ही पुन्हा विचारलं. एकानं आपल्या माणसाला नंबर लिहून घ्यायला सांगितलं.

---

आर्किटेक्ट_शंतनू | ७ नोव्हेंबर, सायंकाळी ६:१२

जादा एफएसआयच्या आश्वासनाबद्दल कळकळीनं लिहितो, कारण ते ऐकायला फार गोड आहे. निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकामावर कडक निर्बंध आहेत ते नदीला पसरायला जागा हवी म्हणून. डिसेंबर २०२० च्या एकत्रित नियमावलीत सवलत वाढवून तिथे चाळीस कुटुंबांच्या जागी शंभर आणली, तर पुढच्या पुरात बाहेर काढायची माणसं अडीचपट. शिवाय भराव टाकून जोतं उचललं की पाणी समोरच्या काठावर चढणार. भिंतीचंही तेच.

उमेदवाराला विचारा, धोक्यातल्या इमारतींना टीडीआर (दुसऱ्या जागी वापरता येणारा बांधकामाचा हक्क) देऊन दुसरीकडे हलवायच्या बाजूचे तुम्ही आहात का? यावर कुणी बोलत नाही, कारण त्यात बिल्डरला मधली जागा मिळत नाही.

---

मुठाकाठचा | ७ नोव्हेंबर, सायंकाळी ७:०१

शंतनू, तुमचं शास्त्र बरोबर असेल. पण आमच्या इमारती परवानगी घेऊन बांधलेल्या आहेत. घर घेतलं तेव्हा निळी रेषा कुणी दाखवली नव्हती. आमच्याकडे पेन्शनवर राहणारी माणसं आहेत. टीडीआरचा कागद घेऊन ती कुठे जाणार? दवाखाना इथे, भाजीवाला इथे, लेकीचं घर दोन गल्ल्या सोडून. आधी वेळेवर सूचना द्या, मग काय हलवायचं ते बोलू.

---

आर्किटेक्ट_शंतनू | ७ नोव्हेंबर, सायंकाळी ७:२०

सूचना आधी हवी याला पूर्ण पाठिंबा. त्यात खर्चही सगळ्यात कमी. एफएसआयबद्दल माझं मत तेच आहे.

---

औसा_शिवार | ८ नोव्हेंबर, सकाळी ७:३५

शहरातल्यांचं वाचलं, आता आमचंही वाचा. लातूर जिल्ह्यात सध्या एकच विषय आहे, सोयाबीन. हमीभाव ४,८९२, आणि आडतीवर चार हजाराच्या आसपास बोली. उमेदवार सांगतात हमीभाव केंद्राचा विषय. बरोबर आहे, दर केंद्र ठरवतं. पण खरेदी केंद्र किती उघडायची, कोणत्या संस्थेला द्यायची, बारदाना वेळेवर येतो का, नोंदणी होऊनही एसएमएस का येत नाही, हे राज्याच्या यंत्रणेचं काम. परतीच्या पावसानं माल भिजलाय, १२ टक्क्यांच्या वर ओल निघाली की केंद्रावरून ट्रॉली परत. भाडं अंगावर.

आमच्या गावात कोपरा सभा झाली. एकजण म्हणाले सात हजार भाव देऊ. मी उठून विचारलं, साहेब, फरकाचे पैसे राज्याच्या तिजोरीतून देणार का, आणि क्विंटलची मर्यादा किती? म्हणाले जाहीरनाम्यात सगळं आहे. जाहीरनामा मागितला तर संपला होता. दुसऱ्यांनी भावाचं बोलणं टाळलं, पण "तालुक्याला चार केंद्रं आणि प्रत्येक केंद्रावर वाळवणीसाठी पत्र्याची शेड" असं म्हणाले. मला ते खरं करण्यासारखं वाटलं. लोकांनी टाळ्या मात्र सात हजारालाच वाजवल्या, आणि मी त्यांना नावं ठेवणार नाही. ज्याच्या घरात माल पडून आहे त्याला शेडचं काय सांगता.

---

एडिसनकर | ८ नोव्हेंबर, सकाळी ९:५०

न्यू जर्सीतून लिहितोय. इथे राज्य विधिमंडळाच्या निवडणुका विषम वर्षांत होतात, पुढची २०२५ मध्ये. आमच्या टाउनशिपच्या शाळांना राज्याकडून किती पैसे यायचे हे २००८ च्या राज्य कायद्यातल्या सूत्रावर ठरतं, आणि ते कमी आले की घरपट्टी वाढते. त्यामुळे शाळेबद्दलचा प्रश्न राज्याच्या उमेदवारालाच विचारावा लागतो.

तुमच्या कामाची एक गोष्ट सांगतो. लीग ऑफ विमेन व्होटर्स नावाची शंभर वर्षांहून जुनी संस्था आहे. ती सगळ्या उमेदवारांना तेच प्रश्न लेखी पाठवते, उत्तराला शब्दमर्यादा घालते आणि आलेलं उत्तर जसंच्या तसं छापते. ज्यानं पाठवलं नाही त्याच्या नावापुढे "उत्तर आलेलं नाही" एवढंच येतं. मतदानाला जाताना मी ते उघडून बघतो. आपल्याकडे सोसायट्यांच्या महासंघांना हे सहज जमेल.

---

अनघा_म | ८ नोव्हेंबर, सकाळी १०:१०

एडिसनकर, हे आजच महासंघाच्या ग्रुपवर टाकते. १० तारखेला रविवारी आमच्याकडे उमेदवारांशी बैठक आहेच. तीनच प्रश्न लेखी देऊ.

१. २३ गावांत परवानगी आणि पाणी एकाच संस्थेकडे आणण्यासाठी विधानसभेत काय कराल?
२. महापालिकेचं पाणी पोचल्याशिवाय नव्या इमारतीला भोगवटा (राहायला जाण्याचा दाखला) देऊ नये, याला तुमचा पाठिंबा आहे का?
३. प्रभाग किती सदस्यांचा असावा?

---

टेकडीवाला | ८ नोव्हेंबर, सकाळी १०:४४

तिन्ही प्रश्न कायद्याचे आहेत आणि तिन्ही नळापाशी येऊन पोचतात. माझा पहिला आक्षेप मागे. बैठकीचं नक्की लिहा.

---

अनघा_म | १० नोव्हेंबर, रात्री १०:५५

बैठक झाली. क्लब हाऊसमधल्या खुर्च्या पुरल्या नाहीत, लोक जिन्यात बसले होते. दोन उमेदवार स्वतः आले, तिसऱ्यांनी प्रतिनिधी पाठवला. नावं लिहीत नाही.

पहिल्या उमेदवारांनी पहिल्या प्रश्नावर सांगितलं की २३ गावांचं नियोजन महापालिकेकडे द्यावं असं त्यांना वाटतं. विकास शुल्काचा पैसा जिथे जमतो तिथूनच जलवाहिनी व्हायला हवी. इथवर छान. पण दुसऱ्या प्रश्नावर ते भूमिपूजनांकडे वळले आणि परत आलेच नाहीत. प्रभागाबद्दल "पक्ष ठरवेल ते."

प्रतिनिधी दादा नम्र होते. तिन्ही उत्तरं "साहेबांना विचारून कळवतो." कागद घेऊन गेले.

दुसऱ्या उमेदवारांचं जास्त लिहायचंय. ते इथल्याच जुन्या घरातले. पहिल्या प्रश्नावर त्यांचं म्हणणं, गावं महापालिकेतून काढून वेगळी नगरपालिका करावी, फुरसुंगी आणि उरुळी देवाचीला सप्टेंबरमध्ये झाली तशी. त्यावर लोकांनी आवाज चढवले. पाणी कुठून आणणार, कचरा कुठे टाकणार? ते शांतपणे म्हणाले, पाणी तरीही महापालिकेकडूनच विकत घ्यावं लागेल, ते मी लपवत नाही. पण कर आणि रस्ते आपल्या हातात येतील.

दुसऱ्या प्रश्नावर सरळ "नाही" म्हणाले. "पाणी येईपर्यंत भोगवटा अडवला तर माझ्या भावकीतल्या लोकांच्या जमिनी दहा वर्षं पडून राहतील. त्यांनी रिंगरोडला जमीन दिली, धरणाला दिली. आता प्लॉट विकायची वेळ आली तर तुम्ही दार लावता. तुम्हालाही पाणी नसताना भोगवटा मिळाला, म्हणून आज इथे राहताय." खोली एकदम गप्प झाली. मी उठून म्हटलं, दादा, बिल्डरनं पाणी देण्याचं हमीपत्र लिहून दिलं होतं. सोसायटी ताब्यात आल्यावर ते हमीपत्र कुणी मानलं नाही, टँकरचं बिल मेंटेनन्समध्ये आलं. ते म्हणाले, "मग भोगवटा अडवू नका, हमीपत्र मोडणाऱ्याकडून टँकरचे पैसे वसूल करायचा कायदा मागा. तो मी मांडीन. अशासकीय विधेयक मंत्री नसलेला कुठलाही आमदार मांडू शकतो."

प्रभाग एक सदस्याचा असावा, म्हणाले. "चार जणांत कुणाला धरायचं ते लोकांना कळत नाही."

मला त्यांचं दुसरं उत्तर मान्य नाही. आणखी इमारती आल्या तर आहे ते पाणीही वाटलं जाईल. गावं वेगळी काढण्यालाही माझा विरोध आहे. तरी नकार कारणासकट मिळाला आणि त्यावर मला वाद घालता आला.

---

सायली_न | १० नोव्हेंबर, रात्री ११:२०

अशासकीय विधेयकं मंजूर होतात का पण?

---

जुना_कक्षअधिकारी | ११ नोव्हेंबर, सकाळी ६:४०

क्वचितच होतात. पण चर्चेला आलं की त्यावर सरकारला भूमिका सांगावी लागते. अनेकदा "सरकार यावर विचार करत आहे, सदस्यांनी विधेयक मागे घ्यावं" असं होतं, आणि तेवढंही नोंदीत येतं. अनघाताई, त्यांच्याकडून हे दोन ओळींत लिहून सही घ्या. निवडून कुणीही आलं तरी हिवाळी अधिवेशन डिसेंबरमध्ये नागपूरला असतं. तिन्ही प्रश्न तारांकितच्या नमुन्यात आत्ताच लिहून ठेवा. मसुदा मी बघून देतो. तारखा आणि शासन निर्णयांचे क्रमांक नीट असले की प्रश्न सहसा फेटाळला जात नाही.

---

मुठाकाठचा | ११ नोव्हेंबर, सकाळी ८:१५

काका, आमचा विसर्गाच्या सूचनेचा प्रश्नही त्यात घ्याल का? "किती तास आधी, कोणत्या माध्यमातून, आणि जबाबदार अधिकारी कोण." तीन भाग करून देतो.

---

जुना_कक्षअधिकारी | ११ नोव्हेंबर, सकाळी ८:३२

घेतो. तो जलसंपदा मंत्र्यांना उद्देशून वेगळा करावा लागेल. २५ जुलैचे तासातासाचे विसर्गाचे आकडे तुमच्याकडे असतील तर पाठवा.